जुन्या सोसायटीत घर घेतलंय? पावसाळ्याआधी आवाराची ही कामं करा

पुण्यात सहकारनगर, पर्वती, एरंडवणे, कर्वेनगर, कोथरूडचा जुना भाग अशा ठिकाणी बंगला किंवा तळमजल्याचा फ्लॅट घेऊन जे नव्याने राहायला आलेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. घर बघायला माणूस बहुतेक हिवाळ्या-उन्हाळ्यात जातो. अंगण, आंब्याचं झाड, शांत गल्ली बघून मन बसतं. आवारात पाणी भरतं हे कळायला पावसाळाच यावा लागतो, आणि मग घाईघाईत जी कामं होतात त्यातली निम्मी उलटतात.

या वस्त्यांचं दुखणं समजून घेतलं की इलाज सोपा होतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेला वसाहती उभ्या राहिल्या, सहकारनगर त्यातलंच. तेव्हा प्लॉटवर निम्म्याहून जास्त उघडी माती होती, गल्ल्या कच्च्या होत्या, वरच्या अंगाला मोकळं माळरान आणि टेकडी होती. आज टेकडीच्या उतारापर्यंत इमारती आहेत, गल्ल्या काँक्रीटच्या झाल्यात आणि अंगणांना पेव्हर ब्लॉक लागलेत. पूर्वी जे पाणी मुरायचं ते आता सगळं पळतं आणि खोलगट जागी येऊन थांबतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने याच पट्ट्यात हाहाकार केला. अरण्येश्वरजवळ भिंत कोसळून माणसं दगावली. एका पुरातून उठून ज्या भागात लोक वसले, तिथेच अठ्ठावन्न वर्षांनी पुन्हा पाणी शिरलं. म्हणून हा विषय फक्त अंगणातल्या चिखलाचा नाही.

पंप आणू नका, मुरमाची गाडी मागवू नका, फरशीवाल्याला बोलावू नका. आधी पाणी कुठून येतं ते शोधा.

पाण्याचा माग काढा

मे महिन्यातला वळवाचा पाऊस ही फुकटची परीक्षा असते. छत्री घेऊन बाहेर या आणि मोबाइलवर चित्रीकरण करा. पाऊस किती वाजता सुरू झाला, पाणी कुठल्या कोपऱ्यात आधी दिसलं, पाऊस थांबल्यावर किती वेळाने ओसरलं, हे लिहून ठेवा.

आवारात पाणी येण्याच्या वाटा चारच: तुमचं छप्पर, वरच्या अंगाचा शेजार, रस्ता आणि मैलापाण्याची लाइन. प्रत्येकाची खूण वेगळी. पाऊस सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत भिंतीलगत पालापाचोळा तरंगणारं नितळ पाणी साचलं, तर ते छपराचं. तांबूस गढूळ पाणी कंपाउंड भिंतीच्या फटीतून येत असेल, तर ते टेकडीकडून किंवा वरच्या प्लॉटमधून. काळपट, वर तेलाचा तवंग असलेलं पाणी फाटकाखालून शिरत असेल, तर रस्त्याचं. आणि साबणाचा फेस, घाण वास, चेंबरचं झाकण डुगडुगणं किंवा नहाणीच्या जाळीतून बुडबुडे हे दिसलं, की ड्रेनेज उलटतंय. पाऊस थांबल्यावरही पाणी चढतच राहिलं, तर गल्लीच्या खालच्या टोकाला ओढा किंवा पावसाळी गटार तुंबलंय. ते एकट्याच्या हातचं काम नाही, त्यावर पुढे येतो.

शेजारच्या जुन्या माणसांशी बोला. भिंतीवरची पाण्याची रेघ कुठल्या पावसातली, पूर्वी गल्लीतून ओहोळ कुठून जायचा, कोणत्या प्लॉटवर विहीर बुजवली, हे त्यांना तोंडपाठ असतं. हे कुठल्याही नकाशात मिळणार नाही. नदीकाठी घर घेत असाल तर निळी आणि लाल पूररेषा मात्र नकाशावर नक्की बघा. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या.

हिशेब मांडा

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ३० हजार लिटर पाणी झालं, म्हणजे दहा हजारांचे तीन टँकर. त्यात शेजाऱ्याचा किंवा रस्त्याचा थेंबही धरलेला नाही. हवामान खातं चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढच्या पावसाला 'जोरदार' म्हणतं, पण पुण्याचा परतीचा पाऊस तेवढा कधी कधी दोन तासांत ओततो. गटार चोवीस तासांच्या आकड्याने तुंबत नाही, त्या एका तासाच्या जोराने तुंबतं. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर धरून बांधलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडल्यावर ती ताशी ५० पर्यंत वाढवण्याच्या कामाला वेग आला. तेव्हा तुमच्या गल्लीतलं जुनं गटार स्वच्छ असलं तरी कधी ना कधी भरणारच, हे धरून आवाराची आखणी करा.

लेव्हल घ्या, आणि स्वतः घ्या

सगळ्या कामातलं हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण नेमकं हेच टाळतात. डोळ्याला सपाट दिसणारं अंगण सपाट नसतं.

हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंचाची पारदर्शक नळी आणा, चाळीस-पन्नास फूट. गवंडी हिलाच लेव्हल ट्यूब म्हणतात. नळीचं एक टोक पाण्याच्या बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने ओढून घ्या, म्हणजे हवा न राहता पाणी भरतं. नळी उन्हात धरून बुडबुडा राहिलाय का ते बघा. एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरून पाणी एकाच उंचीला येतंय याची खात्री करा.

आता घराच्या जोत्यावर सोयीच्या उंचीला पेन्सिलने एक रेघ मारा. एकाने नळीचं टोक त्या रेघेशी धरायचं आणि पाणी बरोबर रेघेवर आणायचं. दुसऱ्याने दुसरं टोक घेऊन आवारात फिरायचं, आणि प्रत्येक जागी नळीतल्या पाण्यापासून जमिनीपर्यंत टेपने अंतर मोजायचं. आकडा जितका मोठा तितकी जागा खोल. चालताना टोकावर अंगठा दाबा, नाहीतर पाणी सांडेल. मोजताना मात्र दोन्ही अंगठे उघडे हवेत.

फाटकाचा उंबरा, फाटकाबाहेर रस्त्याचा मध्य, आवाराचे चारही कोपरे, गली ट्रॅपची (मोरीचं पाणी ड्रेनेजमध्ये जाण्याआधी जिथे पडतं त्या जाळीच्या खड्ड्याची) कड, तुमच्या चेंबरचं झाकण, रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण, आतली नहाणी आणि पाण्याच्या टाकीचं तोंड, एवढे आकडे हवेतच. कागदावर प्लॉटचा चौकोन काढून जागच्या जागी लिहा. अर्ध्या तासात समोर येतं की रस्ता आवारापेक्षा सात इंच वर आहे किंवा मागचा कोपरा सगळ्यात खोल आहे. हा कागद हातात असला की कंत्राटदार तुम्हाला काहीही सांगू शकत नाही.

छपराचं पाणी आधी सोडवा

चौघांत हे सोपं आणि सगळ्यात फायद्याचं. गच्चीवरच्या पाइपांची तोंडं साफ करा, घुमटाकार जाळ्या बसवा. सपाट जाळीवर चार पानं पडली की काम संपलं. पाइप मोजा. ताशी १०० मिलिमीटरच्या पावसाला चार इंची उभा पाइप सुमारे साडेचारशे चौरस फूट गच्चीला पुरतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीला एकच पाइप असेल तर गच्चीवर तळं होणारच, आणि मग पाणी जिन्यातून उतरतं. कौलारू किंवा पत्र्याचं छप्पर असेल तर पन्हळीचा ढाळ तपासा. मधे पोटात बाक आलेली पन्हळ पाइपाऐवजी अंगणातच पाणी सोडते.

आता खरी मेख. जुन्या बंगल्यांत गच्चीचा पाइप सर्रास ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला असतो. पूर्वी कुणीतरी सोय म्हणून केलेलं, पुढे कुणी पाहिलंच नाही. मैलापाण्याची सहा इंची लाइन संडास-मोरीच्या पाण्यापुरती असते. त्यात गच्चीचं पाणी घुसलं की ती तुंबते आणि मैला गल्लीत सगळ्यात खोल घराच्या नहाणीतून वर येतो. ते खोल घर बहुधा तुमचंच असतं, आणि पाणी वरच्या दहा घरांच्या गच्चीवरचं. तपासायला कोरड्या दिवशी गच्चीवर पाच-सहा बादल्या पाणी ओता आणि खाली चेंबर उघडून बघा. पाणी तिथे आलं तर पाइप तोडून पावसाळी गटाराकडे किंवा बागेकडे वळवा. एकट्याने केलं तरी चांगलं, पण अख्ख्या गल्लीने केलं तर अनेकांच्या घरात मैला येणं त्याच वर्षी थांबतं. सोसायटीच्या सभेत मांडायचा पहिला विषय हाच.

गली ट्रॅपचंही बघा. त्याची कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच वर असायला हवी. साचलेलं पाणी जावं म्हणून लोक ती कड फोडतात आणि अख्खं अंगण ड्रेनेजमध्ये सोडतात. फोडलेली जागा बुजवून दोन विटांची कड करून घ्या.

नहाणी किंवा गली ट्रॅप रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खोल असल्याचं लेव्हलमध्ये दिसलं, तर शेवटच्या चेंबरला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवा. तो बंद झाला की बाहेरचं आत येत नाही, तसं आतलंही बाहेर जात नाही. त्यामुळे पावसाचा जोर असताना वॉशिंग मशीन लावायचं नाही, अंघोळीही थांबवायच्या. वर्षातून दोनदा उघडून साफ केला नाही तर तो ऐन वेळी अडकतो.

आवार: ढाळ, चर आणि मुरवणं

भिंतीपासून पहिल्या तीन फुटांत निदान एक इंच ढाळ घराबाहेरच्या दिशेने हवा. पुढे आठ फुटाला एक इंच पुरतो. पाणी जिथे न्यायचं तिथपर्यंत मधे कुठेही उलटा ढाळ नको.

रस्ता उंच झाला म्हणून मुरूम टाकून आवार उंच करणं हा सगळ्यांचा आवडता उपाय. जरा थांबा. जुन्या बंगल्यांना काळ्या दगडाचं दीड-दोन फुटी जोतं असतं, ते उगाच नाही. भराव जोत्याच्या वरच्या कडेपाशी आला की भिंतीत ओल चढते, गिलावा सुटतो, कपाटं कुजतात. भराव आणि आतली फरशी यांत नऊ इंचांचं अंतर ठेवाच. शिवाय तुमचं आवार उंच झालं की पाणी शेजाऱ्याकडे जातं, आणि पुढच्या वर्षी तोही मुरमाची गाडी मागवतो.

अख्खं अंगण फरशीने बंद करू नका. गाडीच्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या करा, बाकी माती राहू द्या. मातीवर पाला किंवा गवत असलं तर पाणी धावत नाही, थबकतं, आणि थबकलेलं पाणीच मुरतं.

शोषखड्डा, म्हणजे पाणी मुरवणारा खडीचा खड्डा, करायचा का, हे जमिनीला विचारा. टेकडीच्या अंगाला वरच्या फूट-दोन फुटांखाली मुरूम लागतो, तो पाणी पितो. ओढ्याकाठी मात्र काळी माती खोलवर असते. ती भिजली की फुगते आणि पाणी धरून बसते. दीड फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा आणि तासाने पट्टी लावा. पाणी इंचभर किंवा जास्त उतरलं तर शोषखड्ड्याला अर्थ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच दिसलं तर पैसे घालू नका. चार बाय चार फूट आणि सहा फूट खोल खड्डा खडीने भरल्यावर त्यात जेमतेम हजार-अकराशे लिटर पाणी मावतं. वरचा तीस हजारांचा हिशेब आठवा. खड्डा रोजच्या पावसाला चांगला, ढगफुटीला नाही. म्हणून त्याचं जादाचं पाणी बाहेर काढणारा पाइप हवाच. पायापासून दहा फूट दूर घ्या. आणि अंगणातलं गढूळ पाणी थेट बोअरमध्ये कधीच सोडू नका. एकदा खालचं पाणी नासलं की अख्ख्या गल्लीच्या बोअरचं नासतं.

कंपाउंड भिंत आणि शेजार

वरच्या प्लॉटमधून पाणी येतं म्हणून लोक भिंतीची भोकं सिमेंटने बुजवतात. हे जिवावरचं आहे. भिंतीमागे तुंबलेल्या पाण्याचा रेटा प्रचंड असतो आणि जुन्या दगडी भिंतीला तो पेलत नाही. भिंत बाहेर झुकलेली, भेगाळलेली किंवा पायाशी माती वाहून गेलेली दिसली तर पावसाळ्याआधी दुरुस्त करा आणि तोवर तिच्याशेजारी कुणाला राहू-झोपू देऊ नका, गाडीही लावू नका. भोकं उघडी ठेवा. भिंतीच्या आतल्या बाजूने नऊ इंची चर काढून ते पाणी कडेकडेने खालच्या टोकाला न्या.

कायदाही साधारण हेच सांगतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ मध्ये दाखला आहे: वरच्या जमिनीवर पडलेलं आणि ठरावीक प्रवाहातून न वाहणारं पाणी नैसर्गिकपणे खाली वाहू देणं हे खालच्या मालकावर बंधनकारक आहे. पण वरच्याने गच्चीचं पाणी पाइपात गोळा करून तुमच्या भिंतीवर सोडलं, तर ते नैसर्गिक वाहणं नव्हे. भांडण्यापेक्षा लेव्हलचा कागद आणि मोबाइलवरचं चित्रीकरण घेऊन त्यांच्याकडे चहाला जा. दोघांच्या खर्चात एक सामाईक चर झाला तर दोन्ही घरं सुटतात.

फाटकाबाहेर

दर डांबरीकरणाला रस्ता दोन-तीन इंच चढतो आणि तुमचा उंबरा तेवढा खाली जातो. फाटकात बसक्या उंचवट्याची पट्टी आणि तिच्या आत लोखंडी जाळीचा आडवा चर, हा त्यावर चांगला उपाय. जाळी उचलता येईल अशीच ठेवा, कारण चरातला गाळ दर आठवड्याला काढावा लागतो.

रस्त्याचं काम निघालं की गल्लीने मिळून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला लेखी द्या: जुना थर खरवडून मगच नवा टाका, पावसाळी गटाराची तोंडं काँक्रीटखाली गाडू नका. काम सुरू झाल्यावर उभं राहून बघा, कारण तोंडं गाडली जातात ती त्याच दिवशी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ प्रमाणे गटारं बांधणं, राखणं आणि साफ करणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. तक्रारीत 'पाणी साचतं' एवढंच लिहू नका. कुठल्या खांबासमोरचं, कुठल्या घरासमोरचं तोंड बंद आहे ते फोटोसह लिहा आणि पोच घ्या. गल्लीतली लाइन कुठून कुठे जाते हेच कुणी सांगत नसेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांत नकाशा मागता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. म्हणून हा अर्ज मार्चमध्येच करा. मे महिन्यात नालेसफाईच्या वेळी काढलेला गाळ गटाराच्या कडेलाच पडून राहिला तर पहिल्या पावसात तो परत आत जातो. तो उचलून नेईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

पाणी चढायला लागलं तर

मेन स्विच पायाखाली कोरडं असतानाच बंद करा. पाण्यात उभं राहून हात लावू नका. मीटरची पेटी खाली असेल तर ती वर घेण्यासाठी महावितरणकडे आधीच अर्ज करा आणि घराला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. गाडीत पाणी शिरलं असेल तर ती चालू करू नका, इंजिन कायमचं जाऊ शकतं. चेंबरची झाकणं उघडून पाणी सोडायचा मोह टाळा. गढूळ पाण्यात उघडं चेंबर दिसत नाही आणि माणसं अशी गेली आहेत. पंप असेल तर पाणी कुठे फेकायचं ते आधी ठरवा. रस्ताही भरलेला असला तर तेच पाणी फिरून परत येतं.

ओसरल्यावर

पायाला जखम असताना त्या पाण्यात उतरू नका, गमबूट घाला. पाण्यातून चालल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा, लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यांना वेळेत यायला हवी. कुंड्यांखालच्या बशा, टायर, पन्हळीत राहिलेलं पाणी आठवड्याच्या आत उपसा, नाहीतर डेंग्यूचे डास तयार होतात.

आणि जमिनीखालची पाण्याची टाकी विसरू नका. जुन्या बंगल्यांत तिचं झाकण अंगणाच्या पातळीलाच असतं, त्यामुळे आवारात चार इंच पाणी भरलं की पिण्याच्या पाण्यात ते सरळ मिसळतं. अशा वेळी टाकी पूर्ण उपसून घासा, ब्लीचिंग पावडरने धुवा, वरची टाकीही धुवा आणि तोवर बाहेरून आणलेलं स्वच्छ पाणी उकळून प्या. ही वेळच येऊ नये म्हणून पावसाळ्याआधी गवंडी आला असेल तेव्हाच झाकणाभोवती नऊ इंचांचा काठ बांधून घ्या. एका दिवसाचं काम आहे, आणि यादीतलं सगळ्यात आधी उरकावं असंही तेच.